तुम्ही विचारलंत म्हणून: बांबूतला भुंगा आणि बातमीतला बंबलबी

अमेरिकेतले बंबलबी (गुबगुबीत, केसाळ माश्या) संपत चालल्याची बातमी आली की नागपूरकर हमखास विचारतात, आमच्या गॅलरीतल्या बांबूला भोक पाडणारा काळा भुंगा तोच का? नाही. तो सुतार भुंगा. त्याचं पोट वरून तुळतुळीत, चकचकीत काळं. बंबलबीच्या पोटावर दाट लव असते. शिवाय बंबलबी हा थंड हवेतला जीव. भारतात तो हिमालयात आणि ईशान्येकडे भेटेल, मे महिन्यातल्या अंबाझरीला नाही.

बातमीत बहुधा बंबलबीच्याच दोन जातींची, चुलतभावंडांची, गल्लत झालेली असते: बॉम्बस अफिनिस आणि बॉम्बस टेरिकोला. ओळखायला फोटो वरून काढलेला हवा, पोटाचे पट्टे मोजता येतील असा. अफिनिसचा पहिला पट्टा पिवळा, दुसऱ्याच्या मधोमध गंजासारखा तांबूस डाग. टेरिकोलाचा पहिला पट्टा काळा, दुसरा-तिसरा पिवळा. फसगत होते ती राणीपाशी. अफिनिसच्या राणीला तो डाग नसतोच, तो फक्त कामकरी माश्यांना आणि नरांना असतो. म्हणून डाग दिसला नाही तर आधी पहिल्या पट्ट्याचा रंग बघा.

अफिनिस पूर्वी अमेरिकेच्या २८ राज्यांत होता. २०१७ मध्ये तिथल्या कायद्याने त्याला संकटग्रस्त ठरवलं; आययूसीएन या जागतिक निसर्ग संवर्धन संघटनेच्या यादीत तो अतिसंकटग्रस्त आहे. टेरिकोला त्याच यादीत ‘असुरक्षित’, म्हणजे दोन पायऱ्या कमी धोक्यात. तोही घटलाच आहे, पण त्याचा पसारा कॅनडात पार उत्तरेपर्यंत आहे. घसरण १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात सुरू झाली. मोठा संशय आहे तो हरितगृहांतल्या टोमॅटोच्या परागीकरणासाठी पाळलेल्या बंबलबींकडून रानातल्यांना लागलेल्या रोगावर. जोडीला कीटकनाशकं आणि आक्रसलेली फुलांची कुरणं.

आता तुमचा बांबू. भुंगा लाकूड खात नाही, फक्त कोरतो. खाली पडलेला भुसा ही त्याची खूण. भोक बुजवलं तर आतली पिल्लं कोंडून मरतात. चौकट वाचवायची असेल तर पिल्लं बाहेर पडून गेल्यावर भोक भरा, वर ऑइलपेंट द्या; कोऱ्या लाकडावर त्याचा जास्त डोळा असतो. बदल्यात वीतभर लांबीचे, एका बाजूला गाठ असलेले वाळके बांबू सावलीत आडवे बांधून ठेवा. तोंड पावसाकडे नको. आतली पोकळी साधारण सव्वा सेंटिमीटर असली की पुरे.