ड्रिलचा हँडपीस तापला तेव्हा : कान-नाक-घसा शस्त्रक्रियागृहातील माझा अनुभव

मी एका रुग्णालयाच्या शस्त्रक्रियागृहात परिचारिका आहे आणि गेली काही वर्षे प्रामुख्याने कान-नाक-घसा विभागाच्या शस्त्रक्रियांना उभी राहते. ज्या प्रसंगानंतर आमच्याकडील यंत्रे हाताळण्याची पद्धत बदलली, तो मास्टॉइडच्या, म्हणजे कानामागच्या हाडाच्या, एका शस्त्रक्रियेत घडला. रुग्ण साधारण चाळिशीच्या बाई होत्या. लहानपणापासून त्यांचा कान वाहत होता आणि सीटी स्कॅनमध्ये कोलेस्टिआटोमाने, म्हणजे मध्यकर्णात साचत वाढणाऱ्या त्वचेच्या गाठीने, आतले हाड पोखरल्याचे दिसत होते.

या शस्त्रक्रियेत कानामागचे हाड ड्रिलने कोरत आत जावे लागते. ड्रिलचा हातात धरायचा भाग म्हणजे हँडपीस आणि त्याच्या टोकाला बसवायचे फिरते पाते म्हणजे बर. मिनिटाला हजारो फेरे घेणारा बर ज्या हाडावर फिरतो, त्याच्याखाली मेंदूचे आवरण, मोठी शीर, चेहऱ्याची नस आणि अंतर्कर्ण असे सगळे काही मिलिमीटरच्या अंतरात दाटीने बसलेले असते. म्हणून सुरुवातीला कटिंग बर वापरला, तरी नसेजवळ आल्यावर हळुवार घासणारा डायमंड बर घेतात, तो नसेच्या दिशेला समांतर फिरवतात आणि पाण्याची धार सतत चालू ठेवतात. हे सर्व मला पाठ होते. मात्र पाण्याची ती धार हाडाला आणि बरच्या टोकाला थंड ठेवते, हँडपीसच्या मोटरला किंवा मागच्या दांड्याला नाही, हे मी तोपर्यंत कधी नीट लक्षात घेतले नव्हते.

त्या दिवशी बर बदलताना हँडपीस माझ्या हातात आला आणि हातमोज्यातून तो कोमट लागला. बराच वेळ चालल्यामुळे असेल, असे वाटून मी काही बोलले नाही. पुढची वीस-पंचवीस मिनिटे काम तसेच चालू राहिले. शस्त्रक्रिया करणाऱ्या सरांचे डोळे सूक्ष्मदर्शकाला लागलेले होते. त्यांना दिसत होता तो बोटाच्या पेराएवढा भाग, आणि पुढे ओढून धरलेल्या कानाच्या पाळीच्या कडेवर हँडपीसचा पुढचा भाग टेकतो आहे, हे त्या वर्तुळात दिसणे शक्यच नव्हते. त्यांच्या हातात दुहेरी हातमोजे होते. बाई पूर्ण भुलीखाली होत्या, त्यामुळे चटका बसला तरी त्या कान मागे घेऊ शकत नव्हत्या. टाके घालून झाल्यावर जखमेभोवती पुसताना मला पाळीच्या कडेवर हरभऱ्याच्या डाळीएवढा पांढुरका डाग दिसला, आणि तो कशाचा आहे ते मला त्याच क्षणी कळले.

सरांनी त्याच दुपारी नातेवाइकांना बसवून, काहीही न लपवता, यंत्र तापल्यामुळे कानाच्या कडेला भाजले आहे असे सांगितले. मी शेजारी उभी होते. बाईंच्या मुलाने एकच प्रश्न विचारला : "कोणाच्या लक्षात आलं नाही का?" माझ्या लक्षात आले होते, पण मी ते मोठ्याने म्हटले नव्हते. संध्याकाळी सरांना मी हे सांगितले. ते रागावले नाहीत. "सिस्टर, पुढच्या वेळी मला मध्येच थांबवा, मी नसेवर असलो तरी," एवढेच ते म्हणाले.

ओटीतले (शस्त्रक्रियागृहातले) मदतनीस मामा नेहमीप्रमाणे सर्व साहित्य धुवायला नेत होते. आमच्या बायोमेडिकल इंजिनिअरांनी त्यांना थांबवले आणि हँडपीस, त्या दिवशी वापरलेले सर्व बर आणि केबल वेगळ्या पिशवीत घालून त्यावर तारीख, अनुक्रमांक व 'वापरू नये' अशी चिठ्ठी लावली. ज्या यंत्राने इजा केली ते पुन्हा धुवून, तेल घालून फडताळात गेले, तर कारण कधीच सापडत नाही. उघडून पाहिल्यावर आतल्या बेअरिंगमध्ये गंज आणि सुकलेला थर निघाला. आमच्या निर्जंतुकीकरण विभागात हा हँडपीस साध्या स्टीलच्या चिमट्यांबरोबर एन्झाइमच्या सफाई द्रावणाच्या टबात बुडवून ठेवला जात होता. सोबत आलेल्या माहितीपुस्तिकेत तो द्रवात बुडवू नये, पुसून घ्यावा, ठरलेल्या रीतीने वंगण द्यावे आणि मगच ऑटोक्लेव्ह (वाफेने निर्जंतुक) करावा, असे स्पष्ट लिहिले होते. ती पुस्तिका खोक्यात तशीच पडून होती. शिवाय एक बर बोथट झालेला होता. बोथट बर हाड कापत नाही, घासतो. मग हात नकळत दाब देतो आणि मोटरवर ताण येतो.

यानंतरचा टप्पा मला सर्वांत अवघड गेला. वैद्यकीय उपकरणांमुळे झालेल्या इजांची नोंद घेण्यासाठी भारतात 2015 पासून मटेरिओव्हिजिलन्सचा राष्ट्रीय कार्यक्रम आहे आणि त्याचे समन्वय केंद्र गाझियाबादच्या भारतीय औषधसंहिता आयोगात आहे. हा अहवाल परिचारिकाही देऊ शकते, हे मला इंजिनिअरांकडून कळले. विभागात कुजबुज सुरू झाली की कागदावर आले म्हणजे आपल्यावरच शेकेल. मी अर्ज पुढ्यात घेऊन बसले, तेव्हा त्यात उपकरणाचे नाव, मॉडेल, अनुक्रमांक, घटनेची तारीख, काय घडले आणि रुग्णाची स्थिती कशी आहे, असे प्रश्न होते. दोष कोणाचा, असा रकाना नव्हता. तरीही "परिचारिकेला उपकरण कोमट जाणवले होते" हे वाक्य लिहिताना माझा हात थांबला. मी ते लिहिले, कारण तेवढ्याच माहितीवरून दुसऱ्या एखाद्या रुग्णालयातली परिचारिका वेळेवर बोलू शकेल.

आता आमच्याकडे रुग्णाला भूल देण्यापूर्वीच ड्रिल चालवून पाहतो. बर बसवल्यावर तो ओढून घट्ट आहे ना हे पाहते, वरचे संरक्षक आवरण बसले आहे याची खात्री करते, आवाज खरखरीत येतो का ते ऐकते आणि थोडा वेळ चालल्यावर हँडपीस तळहातात धरून पाहते. शस्त्रक्रिया चालू असताना प्रत्येक बर बदलताना "गार आहे" किंवा "तापतो आहे" हे मोठ्याने सांगते. पायाशी ड्रिल आणि बायपोलर (रक्तस्राव थांबवण्याचे विजेचे उपकरण) यांची पेडल शेजारी-शेजारी असत. आता ज्याचे काम चालू आहे तेवढेच पेडल सरांच्या पायाशी ठेवतो. फिरत्या बरजवळ गॉज किंवा कापूस येऊ देत नाही, कारण एक धागा गुंडाळला गेला तरी पूर्ण गॉज क्षणात ओढला जातो.

नाकाच्या दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेतही हीच सवय कामी आली. मायक्रोडेब्रायडर या कापणाऱ्या यंत्राच्या पोकळ नळीतले पाते मऊ भाग आधी सक्शनने खिडकीत ओढून घेते आणि मग कापते, त्यामुळे चुकीच्या जागी गेल्यास ते चरबी आणि स्नायूही तितक्याच सहजपणे ओढते. डोळा आणि सायनस यांच्यामधली हाडाची भिंत कागदासारखी पातळ असते. म्हणून आम्ही डोळे कापडाखाली झाकत नाही. सरांची नजर पडद्यावर असते, माझी रुग्णाच्या डोळ्यावर. बुबुळ हलले किंवा पापणी ओढली गेली, तर मी "थांबा" म्हणते आणि पेडलवरचा पाय उचलला जातो. पात्यात अडकलेला तुकडा काढण्यापूर्वी यंत्र स्टँडबायवर गेले आहे हे मी स्वतः पडद्यावर वाचते, कारण त्या वेळी पात्याजवळ माझी बोटे असतात.

बाईंच्या कानाची पाळी काही आठवड्यांत भरून आली, कडेला फिकट खूण राहिली. त्यांचा कान आता कोरडा आहे.

पुढे काही महिन्यांनी आणखी एका मास्टॉइडच्या वेळी हँडपीस माझ्या हाताला कोमट लागला. सर चेहऱ्याच्या नसेजवळ होते. मी "तापतो आहे, सर" म्हटले, त्यांनी हात बाहेर काढला आणि राखीव हँडपीस जोडेपर्यंत सर्वजण थांबलो. राखीव हँडपीस आमच्याकडे एकच आहे. दुसऱ्याची मागणी नोंदवलेली आहे, आणि तो येईपर्यंत एका दिवसात दोनपेक्षा जास्त मास्टॉइड घ्यायच्या नाहीत, असे विभागाने ठरवले आहे.