आमची वाटचाल: उगवलेला मुळा पोसण्यापर्यंत

घरच्या बागेसाठी बियाणं, कुंड्या आणि तयार माती पुरवणं हे आमचं काम. सुरुवात बियाण्याच्या पाकिटांपासून झाली. त्यात मुळा पहिल्यापासून होता, कारण तो कुणाकडेही उगवतो. ओलावा आणि बरी हवा मिळाली की ३ ते ५ दिवसांत कोंब वर. अडतं ते पुढे. पाला गुडघ्याएवढा आणि खाली उंदराच्या शेपटीसारखं मूळ, ही या धंद्यातली सगळ्यात जुनी तक्रार. आमची बरीचशी उत्पादनं या एका तक्रारीचा माग काढताना घडली.

पहिला बदल पाकिटात केला. मुळ्याच्या १ ग्रॅम बियाण्यात साधारण १०० बिया येतात. ६० सेंमी लांब आणि २० सेंमी रुंद कुंडीत दोन ओळी बसतात आणि त्यातून २० ते २२ गोल मुळे निघतात. विरळणीत, म्हणजे दाटी कमी करताना, काढून टाकायच्या रोपांसकट अर्धा ग्रॅम बी पुरतं. मोठं पाकीट हातात असलं की ते सगळं एकाच कुंडीत जातं, म्हणून आता पाकिटात अर्ध्या ग्रॅमच्या चार पुड्या असतात. दर १० दिवसांनी एक पुडी पेरायची. लाल गोल मुळा २५ ते ३० दिवसांत काढणीला येतो आणि त्यानंतर तो वाट पाहत नाही. आठवडाभर उशीर झाला तरी आतून जाळीदार आणि चिवट होतो. एकदम चाळीस मुळे तयार होण्यापेक्षा दहा-दहा दिवसांनी थोडे थोडे निघालेले बरे.

पेरणी साधी आहे. १ ते दीड सेंमी खोल चर, दोन ओळींत १० सेंमी अंतर, ओळीत अडीच सेंमीवर एक बी, वर हलकी माती आणि झारीने पाणी. बी फार वर राहिलं तर रोप कोलमडतं, फार खोल गेलं तर बाहेर यायलाच दमतं.

कुंडीच्या बाबतीत मात्र आम्ही हट्टी आहोत. गोल मुळ्याला १५ ते २० सेंमी खोली चालते. लांब पांढऱ्याला ३५ ते ४० सेंमी हवी, त्यासाठी उंच ग्रो बॅग ठेवतो. ३० सेंमी व्यासाच्या बॅगेत १० सेंमी अंतराने चार-पाच रोपं, त्याहून जास्त नाहीत. लांब वाण ४५ ते ६० दिवस घेतात. उथळ कुंडीत लांब मुळा लावला की तो तळाला टेकून वाकतो किंवा त्याला फाटे फुटतात. फाटे खड्यांनी, ढेकळांनी आणि कच्च्या शेणखतानेही फुटतात. आमच्या तयार मातीत दोन भाग चाळलेली माती, एक भाग गांडूळखत आणि एक भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) असतं. याहून जास्त खत घालायचा मोह टाळावा, कारण नत्र वाढलं की जोर पाल्यात जातो.

मुळ्याची तयार रोपं आम्ही विकत नाही. मागणी असते, पण उपटून लावताना सोटमूळ दुखावतं आणि मग वाकडा, फाटलेला मुळा मिळतो. बी जिथे पेरलं तिथेच वाढू द्यायचं.

आता पोसण्याबद्दल. गोल मुळ्यात जो भाग फुगतो तो बराचसा बीजपानं (बीतून आधी निघणारी दोन पानं) आणि मूळ यांच्यामधल्या खोडाचा असतो. उगवल्यावर पहिले दोन-तीन दिवस सावलीत गेले तर हाच भाग दोऱ्यासारखा लांबतो आणि पुढे कितीही ऊन दिलं तरी नीट फुगत नाही. त्यामुळे पहिला कोंब दिसला की कुंडीवर काही झाकलं असेल ते काढून ती उन्हात. रोजचं सहा तास ऊन हवंच. दुसरं कारण दाटी. पहिलं खरं पान आलं, म्हणजे साधारण सातव्या ते दहाव्या दिवशी, की गोल मुळ्यात ५ सेंमीवर एकच रोप ठेवायचं. जादा रोपं उपटू नयेत, शेजारची मुळं हलतात. छोट्या कात्रीने मातीलगत कापावीत. विरळणीत लोकांचा हात थरथरतो, म्हणून पाकिटात ५ सेंमीवर खुणा असलेली पुठ्ठ्याची पट्टी घालतो. पट्टी दिसली की कात्री चालते, हा आमचा अंदाज खरा ठरला.

तक्रार आली की आम्ही फोटो मागवतो. मातीवर लांब, फिकट मान दिसली तर उजेड कमी. गर्द हिरवा, माजलेला पाला म्हणजे नत्र. रोपं एकमेकांना टेकलेली असतील तर दाटी. मधून फुलाचा दांडा निघाला असेल तर उष्णता आणि लांबलेले दिवस. गोल वाणांना १० ते २० अंशांची हवा मानवते. त्यावर उन्हाळी वाण घ्यावेत. दांडा निघालेला मुळा पुन्हा पोसत नाही, शेंगांसाठी ठेवता येतो.

तडकलेला मुळा म्हणजे बहुतेक वेळा माती कोरडी पडल्यावर एकदम भरपूर पाणी. बोट दोन पेरं मातीत घालून ओल पाहावी. कोरडं लागलं तर तळाच्या भोकांतून थेंब येईपर्यंत द्यावं, नाहीतर नाही. पाण्याचा ताण आणि उष्णता यांनी तिखटपणाही वाढतो. तो मुख्यतः सालीत असतो, त्यामुळे सोलल्यावर मुळा सौम्य लागतो.

पानांना टाचणीएवढी भोकं पडली तर उडद्या भुंगेरा. तो बारीक काळा असतो आणि हात लागताच उडी मारतो, त्यामुळे फवारणीने फारसं साधत नाही. ०.८ मिमी छिद्रांची जाळी पेरणीच्याच दिवशी कमानींवर ताणून कडा मातीत दाबायच्या. खाण्याच्या मुळ्याला परागीभवन लागत नाही, जाळी काढणीपर्यंत राहिली तरी चालतं. काळ्या माशीच्या अळ्याही तीच अडवते. मावा आलाच तर आधी पाण्याची धार, मग १ लिटर पाण्यात ५ मिली कडुनिंब तेल आणि थोडा सौम्य साबण, संध्याकाळी, पानांच्या खालून.

घरचं बी धरता येईल का, असं विचारतात. धरता येतं, पण एकट्या झाडाला शेंगा नीट भरत नाहीत, आणि लाल व पांढरा जवळ फुलले तर मधमाश्या दोघांची सरमिसळ करतात. एकाच वाणाची पाच-सहा झाडं राखावीत. वाळवलेलं बी थंड, कोरड्या जागी चार वर्षं टिकतं.

काढल्याबरोबर पाला कापावा, नाहीतर पानं मुळ्यातलं पाणी ओढून घेतात. त्याच मातीत लगेच पुन्हा मुळा, कोबी किंवा मोहरी नको. एक फेरी मेथीची किंवा घेवड्याची घ्यावी, मूठ-दोन मूठ गांडूळखत मिसळावं आणि मग पुढची पुडी उघडावी.