पार्सल गल्ल्याखाली

बेळगावच्या शहापुरात आमचं जनरल स्टोअर्स आहे, वडिलांच्या वेळेपासूनचं. पूर्वी गिऱ्हाईक तोंडानं माल मागायचं. आता आधी मोबाइल नाकासमोर येतो. "काका, हे हाय काय ओ?"

परवा कडोलीची दहावीतली पोरगी आली. तिला रेटिनॉलचं सीरम पाहिजे होतं, ३० मिलीची बाटली. मी चष्मा लावून वाचलं.

"बाळ, हे सुरकुत्यांवरचं. सुरकुत्या मला आल्यात, तू कशाला लावतीस?"

"आतापासनं लावलं की पुढं येत नाहीत."

पाठ केलेलं वाक्य. तिला म्हटलं, हे लावून चेहरा उन्हाला हळवा होतो आणि तू तर रोज भर उन्हात स्टँडवर उभी असतेस. ऐकून घेतलं फक्त. ४९९ रुपये तयार होते. बस मुलींना फुकट, त्यामुळं आजोबा रोज देतात ते २० रुपये साठत गेलेले.

तिला नावं ठेवायला मी कोण? ॲक्शनच्या बुटांसाठी मी दोन दिवस जेवलो नव्हतो. पण तेव्हा टीव्हीवरचा सिनेमा थांबायचा, जाहिरात लागायची, आई पाणी प्यायला उठायची. जाहिरात आहे हे पोरासोरालाही कळायचं. इथं मोबाइलवरच्या रीलमध्ये एक ताई आपल्या खोलीत बसून केस विंचरत गप्पा मारते.

"रील दाखव." नावाखाली बारीक 'पेड पार्टनरशिप'. पैसे घेतले तर तसं सांगायचं, असा नियम जाहिरातवाल्यांच्याच संस्थेनं, अ‍ॅस्कीनं, २०२१ मध्ये केलाय. सांगितलं होतं म्हणा, पण मी बोट ठेवेपर्यंत पोरीला दिसलं नव्हतं. (आमच्या पाटीवर ६० टक्के कन्नड पाहिजे, हा २०२४ चा कायदा. रंगाऱ्याला पैसे मोजले. या ताईची पाटी मात्र मुंगीएवढी चालते.)

"बघ, पैसे घेऊन सांगते ती."

"मग काय झालं? तुम्ही पण पैसे घेऊनच विकता की."

यावर काय बोलणार? माल आमच्याकडं नव्हताच. जाताना दारातनं परत फिरली. "काका, तुमच्या पत्त्यावर मागवू काय? घरात आई बघती."

मी हो म्हटलं की नाही, नक्की आठवत नाही. काल पार्सल आलंय. गल्ल्याखाली ठेवलंय. तिची आई दर शनिवारी साबण न्यायला येते आणि उद्या शनिवार.