ढगात नाही, तळाशी

"बाबा, माझा फोटो ढगात पोचला का?"

लेकीच्या हातातला फोन, स्क्रीनवर गरगरणारं चाक. मी आपलं "हो, पोचला" म्हणून मोकळा झालो. मग दिवसभर ते 'हो' टोचत राहिलं.

इंटरनेटवर फोटो साठवतात त्याला 'क्लाउड' म्हणतात खरं, पण ढग कसला! एका खंडातून दुसऱ्या खंडात जाणारा बहुतेक सगळा डेटा समुद्राच्या तळाशी पडलेल्या केबलींतून जातो. आणि त्यांची जाडी खोल समुद्रात किती? बागेला पाणी घालायच्या पाइपाएवढी.

जानेवारी २०२२मध्ये पॅसिफिक महासागरातल्या टोंगा या बेटांच्या देशाजवळ ज्वालामुखी फुटला आणि बाहेरच्या जगाशी जोडणारी त्यांची एकुलती एक केबल तुटली. ती जोडायला पाच आठवडे गेले. परदेशातल्या नातलगांच्या पैशांवर चालणारी घरं तिथे कितीतरी. पैसे पाठवणं सोडाच, आपलं माणूस जिवंत आहे का, हेही सुरुवातीला कळेना.

इजिप्तमध्ये तर २०११मध्ये काहीच तुटलं नव्हतं. लोक रस्त्यावर उतरले, सरकारने कंपन्यांना हुकूम सोडला आणि जवळजवळ अख्ख्या देशाचं इंटरनेट पाचेक दिवस गुल.

रात्री लेकीला जमेल तसं सांगितलं. तिने केबलबद्दल काहीच विचारलं नाही.

"मग बंद करायचं बटण कुणाकडे असतं?"