लेर्गच्या डोंगरावरची मेंढरं

स्कॉटलंडमधल्या इनव्हर्नेसहून उत्तरेला जाणाऱ्या गाडीतून लेर्ग या गावी उतरले तेव्हा दुपारचे चार वाजत होते आणि उजेड सरत आला होता. फेब्रुवारीचा पहिला आठवडा. इथे या दिवसांत सव्वाआठच्या सुमारास सूर्य उगवतो, पावणेपाचला गेलेला असतो. भरदुपारीही तो डोंगरांच्या कडेकडेने फिरतो, डोक्यावर येतच नाही. बारा वाजता माझी सावली माझ्या उंचीच्या तिपटीहून लांब पडत होती.

बहीण इनव्हर्नेसला नर्स आहे. तिच्या ओळखीच्या एका मेंढपाळ कुटुंबात मी पाच दिवस राहिले.

मेंढ्या चेव्हियट जातीच्या, पांढऱ्या तोंडाच्या. थंडीतही त्या गोठ्यात नसतात, उघड्या डोंगरावर चरतात. वारा सुटला की दगडी गडग्याच्या आडोशाला जातात. पण बर्फाचे ढीग साचतात तेही त्याच आडोशाला, त्यामुळे वादळानंतर कुत्रा घेऊन त्यांना शोधावं लागतं. बर्फाखाली मेंढी असली की तिच्या श्वासाच्या उबेने वर एक पिवळट भोक पडतं, असं मालकांनी सांगितलं.

मला सगळ्यात जास्त भिडली ती वेगळीच गोष्ट. डोंगराला कुंपण नाही, तरी कळप आपला भाग सोडून जात नाही. कुठे गवत, कुठे पाणी, कुठे आडोसा, हे कोकरू आईच्या मागे फिरून शिकतं आणि पुढे आपल्या कोकराला देतं. 2001 साली लाळ्या-खुरकुताच्या साथीत दक्षिण स्कॉटलंड आणि उत्तर इंग्लंडात कळपच्या कळप मारावे लागले. तेव्हा मेंढरांबरोबर डोंगराची ही ओळखही गेली. विकत आणलेल्या मेंढीला ती कोण देणार? मी फलटणची. दिवाळीनंतर कोकणाकडे निघणारे धनगरांचे वाडे लहानपणापासून पाहिलेत. तिथे वाट माणसाला पाठ असते. इथे जागा मेंढीला पाठ.

तिसऱ्या दिवशी गाभण मेंढ्यांची सोनोग्राफी होती. तपासणारा माणूस खुर्चीत बसून एकेकीच्या पोटाखाली यंत्र धरत होता, समोरच्या छोट्या पडद्याकडे बघत "एक", "जुळी" म्हणत होता. जुळीवालीच्या पाठीवर निळा ठिपका लावायचं काम माझ्याकडे आलं. ओल्या लोकरीत बोटं रुतायची, तळवे तेलकट व्हायचे. मलाही एकदा पडद्यावर बघू दिलं: करड्या धुरकट रंगात फासळ्यांची बारीक माळ. जुळीवाल्यांना आता खुराक जास्त. नोव्हेंबरच्या शेवटी मेंढे सोडलेले, म्हणजे पाच महिन्यांनी, एप्रिलच्या उत्तरार्धात कोकरं. ठिपका नसलेल्यांत एक म्हातारी मेंढी भाकड निघाली. मालकीणबाईंनी तिच्या कानामागे बराच वेळ खाजवलं, बोलल्या काहीच नाहीत.

त्या एका दिवसात आभाळाने किती रूपं दाखवली! सकाळी गुलाबी पट्टा, दहाला गारा, मग खालच्या तळ्यावर अख्खं इंद्रधनुष्य, दुपारी भुरभुर बर्फ. उत्तरेचा बेन क्लिब्रेक डोंगर ढगात गेला की मालक हातातलं काम टाकून आधी चारा झाकायचे.

रात्री नऊला दार वाजलं. "लवकर या!" अंगणात आले तर उत्तरेला फिकट ढगासारखं काही दिसत होतं. डोळे अंधाराला सरावले तसा तो ढग हिरवा झाला, त्याच्या उभ्या झालरी झाल्या, आणि त्या सरकू लागल्या. हा ध्रुवीय प्रकाश. इथल्या जुन्या गेलिक भाषेत याला 'चपळ माणसं' म्हणतात. आम्ही तिघं गप्प उभे होतो. गडग्यापलीकडे अंधारात मेंढ्यांचं रवंथ ऐकू येत होतं.