सोलापूर, एक विहीर आणि आम्ही बावीस जण

पुण्याहून संध्याकाळी सहाची हुतात्मा पकडली आणि कुर्डुवाडी जाईपर्यंत स्लाइड्सच कापत बसलो, कारण कॉन्फरन्सवाल्यांनी बोलायच्या पंधरा मिनिटांची आठ मिनिटं केलेली.

कॉन्फरन्स फार मोठी नव्हती हां. पीएचडी करणारे नाहीतर नुकतेच सुटलेले आम्ही बावीस जण, त्यात खडकवाले, हवामानवाले, मातीवाले, एक भूकंपवाली आणि भूजलाचा मी. अट एकच, दुसऱ्या विषयाच्या माणसाला कळेल असं बोलायचं. पहिल्याच सकाळी "अलीकडे" या एका शब्दावर अर्धा तास भांडण. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेने 2018 आणि 2019 ला सोलापुरात पाऊस वाढवायला विमानाने ढगांत बीजं पेरून बघितली, हवामानवाला त्यावर बोलत होता, त्याला ते जुनं वाटतं. खडकवाल्याला 6.6 कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा कालचा!

भूकंपवालीने किल्लारी काढलं. 30 सप्टेंबर 1993, पहाटे चारच्या सुमारास, आणि तोवर हा भाग नकाशावर सगळ्यात कमी धोक्याच्या झोन 1 मध्ये. चहा घेऊन आलेले मामा ट्रे हातात धरून तसेच उभे राहिले. "विसर्जन करून झोपलो होतो ओ, फळीवरची सगळी भांडी खाली." पुढच्या स्लाइडवर जायला तिला जरा वेळच लागला.

दुसऱ्या दिवशी तुळजापूर रोडला एका शेतात विहीर बघायला नेलं, आणि खरं सांगू का, दोन दिवसांतलं खरं काम तिथेच झालं. काठावर बावीस डोकी वाकलेली. मालक आजोबा काठीने दाखवत होते, "वर मुरूम, मग काळा पाषाण, हा तांबडा पट्टा गेरू, त्याच्याखाली मांजऱ्या. झरा मांजऱ्यातनंच लागतोय बगा, पाच परसावर." परस म्हणजे माणसाच्या उंचीएवढं. मांजऱ्या म्हणजे लाव्हा थिजताना वायूचे बुडबुडे अडकून भोकं पडलेला खडक, ती भोकं नंतर पांढऱ्या खनिजांनी भरतात. आणि गेरू म्हणजे एक लाव्हा थंड होऊन पुढचा वर येईपर्यंत मधे कुजून झालेली माती, हे खडकवाल्याने सांगितलं. मग मातीवाली म्हणाली, म्हणजे हा तेव्हाच्या हवामानाचा पुरावा की, आणि हवामानवाला एकदम पुढे सरकला, मोबाईल विहिरीत पडता पडता वाचला त्याचा. तासभर कोणी हललं नाही, ऊन डोक्यावर, आजोबांनी शेवटी घरात बोलावून कडक भाकरी आणि शेंगाची चटणी पुढे ठेवली.

मी गेरूचा चुरा पिशवीत भरून घेतला, सकाळी स्टेशनवर जाताना चटणी पण घेतली, सुटी, त्याच मापाची पिशवी, त्याच बॅगेत.

घरी आईने चुकीची पिशवी उघडली, चिमूटभर तोंडात टाकली आणि म्हणाली, "मीठ नाहीये रे हिच्यात."