एक्झिट फॉर्मवर न येणारी कारणं

शुक्रवार, रात्री उशिरा

या महिन्यात परत राजीनाम्यांची रांग लागलीय. मी नाशिकमधल्या एका खासगी हॉस्पिटलच्या एचआरमध्ये काम करते. माणूस सोडून चालला की त्याला एक फॉर्म द्यायचा, का सोडताय, काय आवडलं, काय नाही आवडलं. आणि जवळपास सगळे एकच लिहितात, 'वैयक्तिक कारण', फार तर 'बेटर ऑपॉर्च्युनिटी'. रिलिव्हिंग लेटर अजून हातात पडायचं असतं, फुल अँड फायनल, म्हणजे शेवटचा हिशोब, बाकी असतो, मग जाता जाता कशाला कोण वाईटपणा घेईल.

पण फॉर्म बाजूला सारला, दार लोटून घेतलं आणि चहा मागवला की लोक बोलतात. आज आयसीयूची एक सिस्टर बोलली. कळवणकडची पोरगी, कामाला एक नंबर, व्हेंटिलेटरवरचा पेशंट तिच्याकडे दिला की डॉक्टर निर्धास्त असतात. मी सरळ विचारलं, पगाराचं आहे का, असेल तर मी वर बोलून बघते. ती म्हणाली, "मॅडम, पगार कमीच आहे, पण त्याच्यासाठी नाही चालले मी." आणि मोबाईल माझ्यासमोर धरला.

त्यांचा ड्युटीचा व्हॉट्सॲप ग्रुप. पुढच्या आठवड्याचा रोस्टर, म्हणजे कुणाची ड्युटी कधी याचा तक्ता, रविवारी रात्री साडेदहानंतर टाकलेला, वहीच्या पानावर पट्टीने आखलेल्या चौकटी आणि त्याचा जरा हललेला फोटो. तिच्या नावापुढे सोमवारी एम, म्हणजे मॉर्निंग, त्याच रात्री कळणार की सकाळी आठला हजर व्हायचंय, मग बुधवारी ई, म्हणजे इव्हिनिंग, गुरुवारी एन, म्हणजे नाईट, आणि शनिवारी आधी 'ऑफ' लिहून त्यावर काट मारून परत एन. त्या शनिवारी तिच्या भावाचा साखरपुडा होता. महिनाभर आधी अर्ज दिलेला, इन्चार्ज सिस्टर हो पण म्हणालेल्या, घरी सगळ्यांना सांगून झालेलं. "ज्यांच्या बदल्यात मला लावलं त्यांचं पण घरी आजारपणच होतं, त्यांना काय बोलू मी," म्हणाली. राग पण धड काढता येत नाही अशी गत.

तेव्हापासून हेच डोक्यात घोळतंय. मी इतक्या लोकांशी बोलले, नर्स, ब्रदर, लॅबवाले, फार्मसीतली पोरं, वॉर्डातल्या मावशी, आणि नीट ऐकलं तर बहुतेकांची तक्रार फिरून इथेच येते की आपला पुढचा आठवडा कसा असणार हे आपल्यालाच माहीत नाही. पगार कमी असला तर माणूस त्यात बसवतो कसंतरी, पण मुलाच्या शाळेत कधी जायचं, सासूला डॉक्टरकडे कधी न्यायचं, नाईट करून आल्यावर झोपायचं कधी, हे काहीच ठरवता येत नसेल तर किती दिवस काढणार?

पगाराचं दुखणं खोटं नाही हां. सुप्रीम कोर्टाने 2016 मध्ये सांगितलं म्हणून केंद्र सरकारने खासगी हॉस्पिटलमधल्या नर्सेसच्या पगारासाठी समिती नेमली होती, तिने म्हटलं होतं की 200 पेक्षा जास्त बेड असतील तर सरकारी नर्सच्या बरोबरीने पगार द्या आणि 50 पेक्षा कमी बेडच्या ठिकाणीसुद्धा महिन्याला 20,000 च्या खाली नको. शिफारस ती, कागदावर राहिली. आजही जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा, करून आलेली पोरगी इंटरव्ह्यूला समोर बसते आणि मला जो आकडा सांगावा लागतो तो सांगताना माझी नजर खाली जाते. म्हणून तर सरकारी भरती निघाली की वॉर्डच्या वॉर्ड अभ्यासाला लागतो, नाईटला नर्सिंग स्टेशनवर फाईलच्या खाली गाईड ठेवलेलं असतं, आणि मी त्यांना कधीच नाव ठेवणार नाही.

त्यात ते ईएसआयचं, म्हणजे कर्मचाऱ्यांच्या सरकारी विम्याचं. 21,000 पर्यंत पगार असेल तोवर ईएसआय, माणसाच्या पगारातून 0.75 टक्के जातात आणि कंपनी 3.25 टक्के भरते, त्यात आईवडीलही बसतात जर ते तुमच्यावर अवलंबून असतील तर. इन्क्रिमेंट होऊन पगार 21,000 च्या वर गेला की काही महिन्यांत ते संपतं आणि आमच्याकडच्या ग्रुप मेडिक्लेममध्ये आईवडील नाहीत. म्हणजे दुसऱ्यांच्या आईवडिलांची सेवा करणाऱ्या माणसाच्या स्वतःच्या आईला काही झालं तर तो बिलिंगसमोर उभा. स्टाफ डिस्काउंट आहे, पण तो रूम आणि तपासण्यांवर, औषधांवर नाही, आणि बिल तर औषधांनीच फुगतं. हे मी दोन वेगवेगळ्या मीटिंगमध्ये बोलले, बघू म्हणाले.

मग टीपीए डेस्क, म्हणजे पेशंटच्या विम्याच्या मंजुऱ्या बघणारं टेबल. तिथला मुलगा गेल्या महिन्यात गेला, अतिशय शांत पोरगा होता, सिडकोतून सायकलवर यायचा. मे 2024 मध्ये आयआरडीएआयचं, म्हणजे विमा कंपन्यांवर देखरेख करणाऱ्या संस्थेचं, सर्क्युलर आलं, कॅशलेसची पहिली मंजुरी एका तासात आणि डिस्चार्जची तीन तासांत द्यायची, चांगलंच आहे ते, पेशंटच्या बाजूचं आहे. पण ते तीन तास सुरू होतात हॉस्पिटलने विनंती पाठवल्यापासून. डॉक्टर सकाळी राउंडला नऊ वाजता "आज घरी जा" म्हणतात आणि नातेवाईक नऊपासून घड्याळ लावतात. मग समरी टाइप होणार, कन्सल्टंटची सही, उरलेली औषधं फार्मसीत परत, बिल फायनल, तेव्हा कुठे फाईल पाठवायला तयार. तिकडून क्वेरी आली की परत डॉक्टरांच्या मागे पळा. दुपारी तीनला सगळे त्या पोरावर तुटून पडतात, ज्याच्या हातात यातलं काहीच नाही. कॅज्युअल्टीच्या भिंतीवर 2010 च्या कायद्याची पाटी आहे, डॉक्टर-कर्मचाऱ्यांना मारहाण केली तर तीन वर्षांपर्यंत कैद आणि 50,000 पर्यंत दंड. रोजच्या आईबहिणीवरच्या शिव्यांसाठी पाटी दाखवत कोण पोलीस स्टेशनला जाणार? तो म्हणाला, "मॅडम, घरी गेलो की मुलगी हाक मारते ना, तरी दचकतो." त्याच्या फॉर्मवर पण वैयक्तिक कारणच.

लिखापढीबद्दल तर सगळेच वैतागलेत, एनएबीएचचं, म्हणजे हॉस्पिटलच्या दर्जाचं मानांकन देणाऱ्या संस्थेचं, ऑडिट जवळ आलं की पेशंटपेक्षा फाईल जास्त सांभाळावी लागते म्हणतात. लिखाण हवंच, त्याने चुका पकडल्या जातात, पण माणसं तेवढीच आणि कागद वाढलेले.

आता आवडतं काय, हेही लिहायला पाहिजे, नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल इथे सगळे नाइलाजाने बसलेत. तसं नाहीये. खूप लोक अनेक वर्षं टिकून आहेत आणि मी त्यांनाही विचारते की तुम्ही का थांबलात. छोट्या नर्सिंग होममधून आलेले म्हणतात, इथे पगार ठरल्या तारखेला होतो, पीएफ कापला जातो आणि भरलाही जातो, हेपेटायटिस बी चे तिन्ही डोस हॉस्पिटलने दिले. ज्याला हे मिळालेलं नसतं त्यालाच त्याची किंमत. नवीन पोरी म्हणतात शिकायला मिळतं. सुरगाण्याहून आलेली मुलगी, पहिल्या दिवशी मॉनिटरचा अलार्म वाजला तरी कावरीबावरी व्हायची, ती वर्षभरात एबीजीचा, म्हणजे रक्तातल्या वायूंच्या तपासणीचा, रिपोर्ट बघून डॉक्टरांना फोनवर सांगते की सर, कार्बन डायऑक्साइड वाढतोय. तिच्या आवाजातला तो ठामपणा ऐकून मला भरून येतं खरंच.

आणि माणसं. नाईटला दोनच्या सुमारास जरा सामसूम झाली की पँट्रीत डबे उघडतात, कुणाची बाजरीची भाकरी, कुणाचा ठेचा, केरळच्या सिस्टरचं लोणचं, आरएमओ, म्हणजे ड्युटीवरचे डॉक्टर, पण तिथेच उभ्या उभ्या खातात. फीमेल वॉर्डात एक मावशी आहेत, कंत्राटदाराच्या पगारावर, म्हणजे आमच्या हजेरीपटावर त्यांचं नावसुद्धा नाही. भेटायची वेळ व्हायच्या आधी त्या म्हाताऱ्या बायकांचे केस विंचरून देतात. गुंता हळूच बोटांनी सोडवायचा, तेलाचं बोट लावायचं, बारीक अंबाडा, आणि विचारून कपाळाला टिकली. कुणी सांगितलेलं नाही त्यांना, ड्युटीत बसतही नाही. मी विचारलं तर म्हणाल्या, "लेक येती ना भेटायला, आई बरी दिसली म्हंजे तिचाबी जीव ऱ्हातो." हे कामाच्या कुठल्या कॉलममध्ये भरायचं मला अजून सुचलेलं नाही, पण पेशंटच्या फीडबॅकमध्ये मावशींचं नाव कन्सल्टंटच्या बरोबरीने येतं. द्राक्षाच्या सीझनमध्ये पिंपळगाव, निफाडकडचे बरे होऊन गेलेले पेशंट पेटी घेऊन येतात आणि आधी मावशींना शोधतात.

कोविडमधला 2021 चा एप्रिल ज्यांनी इथे काढला त्यांचं एकमेकांशी नातंच वेगळं आहे. 21 एप्रिलला महापालिकेच्या झाकीर हुसेन रुग्णालयात ऑक्सिजनची टाकी गळून पुरवठा खंडित झाला आणि वीसच्या वर रुग्ण गेले, तो दिवस नाशिकमध्ये कुणी विसरणार नाही. आमचे मेंटेनन्सचे दादा आजही ड्युटीवर आले की आधी टाकीचं प्रेशर बघतात, मग चहा. त्या दिवसांत रोस्टर कुणी मागितला नाही, जो जिथे होता तिथे राबला. पण तेव्हा लोकांनी मनापासून दिलं म्हणून आता कायमच गृहीत धरायचं, हे मला पटत नाही.

रोस्टरचं मी मागे पण काढलं होतं. उत्तर ठरलेलं, बेड ऑक्युपन्सी, म्हणजे किती बेड भरलेत ते, रोज बदलते, आधीपासून कसा लावणार. वॉर्डचं मान्य, पावसाळ्यानंतर डेंग्यूने वॉर्ड भरतात तेव्हा ओढाताण होतेच. पण आयसीयू? तो जवळजवळ वर्षभर भरलेला असतो, तिथे काय बदलतं रोज? आणि आज त्या सिस्टर गेल्यावर मी मुद्दाम इन्चार्ज सिस्टरांकडे जाऊन बसले. त्या रोस्टर रविवारी रात्री का टाकतात तर दिवसभर त्यांच्याकडे स्वतःचे पेशंट असतात, घरी जाऊन स्वयंपाक उरकून मग त्या वही घेऊन बसतात, तोवर कुणाचातरी सुट्टीसाठी फोन येतो, परत खाडाखोड. त्यांना शिव्या खाव्या लागतात आणि त्यांनासुद्धा ऑफ नसतो. म्हणजे दोष त्यांच्यावर टाकून मोकळं होण्यासारखं काही नाही.

तर सोमवारच्या मीटिंगसाठी मी कागद करतेय. महिन्याच्या 25 तारखेच्या आत पुढच्या महिन्याचा रोस्टर, इन्चार्जना त्यासाठी अर्धा दिवस पेशंटविना, नाईट संपल्यावर सक्तीने ऑफ, आपसात ड्युटी बदलायची मुभा पण इन्चार्जच्या सहीने, आणि आयसीयूसाठी दोन जास्तीच्या रिलिव्हर, म्हणजे सुट्टीवरच्यांच्या जागी उभ्या राहणाऱ्या, सिस्टर. 2027 ला सिंहस्थ आहे, त्या गर्दीत शहरातल्या प्रत्येक हॉस्पिटलला अनुभवी माणसं लागणार आणि तेव्हा जाहिरात देऊन ती मिळणार नाहीत, हेही लिहिलंय.

सर पहिल्यांदा विचारणार, खर्च किती. म्हणून एक आयसीयू नर्स गेली की काय काय लागतं ते मांडून बघितलं, जाहिरात, इंटरव्ह्यू, नवीन मुलगी एकटी उभी राहीपर्यंत तिच्याबरोबर सिनिअर अडकलेली, मधल्या काळात बाकीच्यांच्या डबल ड्युट्या आणि त्याचे पैसे. वर्षभरात किती जणी गेल्या त्याने गुणलं तर दोन रिलिव्हरच्या पगारापेक्षा ते जास्त निघतंय. अकाउंट्सच्या दादांकडून आकडे तपासून घ्यायचे राहिलेत, ते उद्या सकाळी पहिलं काम.